बो थ्रस्टर नुसता 'टक' करतो. मोटर खरंच जळालीय का?

मांडव्याचा खलाशी

नमस्कार मंडळी. मी मांडव्याला एका खाजगी यॉटवर अकरा वर्षं आहे. बोट ३६ फुटी, एकच डिझेल इंजिन, नाळेत (पुढच्या टोकात) १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक बो थ्रस्टर, म्हणजे नाळ डावी-उजवीकडे ढकलणारा पंखा. मालक शनिवार-रविवार येतात. बाकी आठवडा बोट माझ्या आणि एका तरुण खलाशाच्या हवाली. माझे वडील तांडेल होते. लाकडी होडीची डागडुजी मला लहानपणापासून येते, पण ही जाड केबलची वायरिंग मी बघून बघून शिकलोय. म्हणून विचारतोय, कुणी जाणकार असेल तर नीट वाचून सांगा.

मेअखेर बोट वर ओढली, नारळी पौर्णिमेनंतर तीन आठवड्यांनी पाण्यात सोडली. सोडायच्या आधी जॉयस्टिक क्षणभर दाबून पाहिली, थ्रस्टर दोन्ही बाजूंना झकास फिरला. पाण्यात आल्यावर मात्र पहिल्याच दिवशी दम नाही. गिरणीचा पट्टा घसरावा तसा घुं-घुं करत फिरतो, नाळ हलतच नाही. तिसऱ्या दिवसापासून डावीकडे दाबलं की नुसता 'टक' आवाज, मोटर गप्प. उजवीकडे अजून फिरतो, पण मरगळलेला.

त्या तिसऱ्या दिवशी जे झालं त्यामुळे मी झोपलो नाही. ओहोटी लागलेली, दक्षिणेचा वारा, धक्क्याला लागत होतो. नाळ डावीकडे ओढायला दाबलं तर 'टक'. नाळ सरळ धक्क्याच्या खांबावर चालली. आमचा पोरगा बोट वाचवायला पाय मध्ये घालायला धावला. मी ओरडलो म्हणून मागे झाला, नाहीतर काय झालं असतं ते लिहवत नाही. तेव्हापासून मी बोट धक्क्याला लावलेली नाही, बोयावरच आहे. मालकांना सांगितलंय, हे नीट होईपर्यंत पाहुणे छोट्या होडीने चढतील-उतरतील.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. आधी म्हणाला बॅटरी बसल्या. दोन्ही नव्या घातल्या, फरक शून्य. मग मीटरचा बीप लावून सगळ्या केबल तपासल्या, सगळीकडे बीप आला. म्हणाला वायरिंग ओके, मोटर जळाली, नवी मागवा. नवी मोटर लाखाच्या पुढे जाते.

माझं मन घेत नाही. जळालेल्या मोटरला वास येतो, हिला नाही. पण एक सांगतो, थ्रस्टर दोन-तीनदा चालवला की नाळेत तापलेल्या प्लास्टिकचा वास येतो. कुठून येतो ते सापडत नाही. बॅटरी सलूनच्या (बोटीतल्या बैठकीच्या खोलीच्या) फळीखाली आहेत, तिथून नाळेपर्यंत साडेचार मीटर केबल, ७० चौरस मिलिमीटरची.

सागरसफर

नवीन बॅटरी पूर्ण चार्ज करून घातल्या का? दुकानातून आणलेली बॅटरी कित्येकदा अर्धीच भरलेली असते. आमच्याकडे असंच झालं होतं. आणि टनेलमध्ये (थ्रस्टरचा पंखा बसतो ती आडवी नळी) दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का तेही बघा. पावसाळ्यानंतर पाण्यात काय काय तरंगत असतं.

वास्को वायरमन

दादा, मोटर मागवू नका. आधी मीटर घेऊन बसा. मी वास्कोला एकवीस वर्षं बोटींच्या वायरिंगचं काम करतो. तुमच्या लिहिण्यात तीन गोष्टी आहेत ज्या मोटरकडे बोट दाखवत नाहीत.

पहिली म्हणजे बोट वर असताना फिरला आणि पाण्यात गळपटला. हवेत पंख्याला लोड नसतो, मोटर थोडाच करंट खेचते. पाण्यात तीच मोटर तीनशे अँपिअरच्या आसपास मागते. वाटेत कुठे जोड कुजलेला असेल तर थोड्या करंटला तो रस्ता देतो, जास्त मागितला की गळा आवळतो. (बोट वर असताना क्षणभरच दाबलंत ते बरं केलंत. तशी मोटर लोडशिवाय चालू ठेवली तर बेभान वेग घेते.)

दुसरी गोष्ट तो बीप. बीप ऐकून जाड केबल पास करणं हे आपल्या धंद्यात सर्रास चालतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. मीटर बीप वाजवताना चिमूटभर करंट सोडतो. सत्तर चौरस मिलिमीटरच्या केबलची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजणारच. त्या एका तारेतून तीनशे अँपिअर जाणार आहेत का?

आणि तिसरी, तुमचा प्लास्टिकचा वास. एखाद्या जोडावर तीन व्होल्ट अडले आणि दोनशे अँपिअर वाहत असले तर तिथे सहाशे वॉटची उष्णता तयार होते. म्हणजे जवळजवळ एक इस्त्री, एका नटाएवढ्या जागेत.

आता काम सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. अँपिअरच्या रेंजवर चुकूनही नको. मीटर १० अँपिअरचा असतो, तो हातात फुटेल. घरगुती वायरिंगचा क्लॅम्प मीटरही चालणार नाही, बहुतेक फक्त एसी मोजतात. हातातली अंगठी-घड्याळ काढा. पोराला जॉयस्टिकवर बसवा, प्रत्येक वेळी उजवीकडे फक्त तीन-चार सेकंद दाबायला सांगा, मधे मोटरला गार होऊ द्या. बोट बोयाला नीट बांधलेली हवी. दाबलेलं असताना बॅटरीच्या खुंट्यांवर किती व्होल्ट आणि मोटरच्या टर्मिनलवर किती, एवढे दोनच आकडे आणा. बाकी मग बोलू.

मांडव्याचा खलाशी

@सागरसफर, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवल्या होत्या. टनेलमध्ये मी स्वतः बुडी मारून पाहिलं, थोडे शिंपले चिकटलेत, दोरी नाही. पंखा हाताने फिरतो.

@वास्को वायरमन, आकडे आणले. काही न दाबता बॅटरी १२.७. उजवीकडे दाबल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवर ११.९. त्याच वेळी मोटरवर ७.६. तीनदा मोजलं, एक-दोन दशांश इकडेतिकडे.

वास्को वायरमन

बघा, सापडलं अर्धं. बॅटरी बसली असती तर तिच्या खुंट्यांवरच नऊ-साडेनऊ दिसले असते. ती ११.९ धरून आहे. मोटर आतून शॉर्ट असती तर बॅटरीला खाली खेचलं असतं. इथे बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या वाटेत ४.३ व्होल्ट कुणीतरी गिळतंय. साडेचार मीटरच्या ७० च्या केबलने दोनशे अँपिअरला पाव व्होल्टही गिळायला नको, जाऊन-येऊन अर्ध्याच्या आत.

आता मीटरचा एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरा मोटरच्या प्लसवर. दाबा. तो आकडा प्लस बाजूचा तोटा. मग एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरा मोटरच्या मायनसवर. तो मायनसचा तोटा. लांब वायर लागेल, साधी एक चौरस मिलिमीटरची पुरते, मीटरला करंट लागत नाही. पिन लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा डोळा) नाही, खुंटीवर टेका. लग आणि खुंटी यांच्यामधला सांधाच तर मोजायचाय.

मायनस मोजल्याशिवाय उठू नका. सगळे प्लसच्या मागे धावतात, फ्यूज, मेन स्विच, सोलेनॉइड (जॉयस्टिक दाबल्यावर मोटरचा जाड करंट जोडणारा स्विच) सगळं तिकडे म्हणून. पण जेवढा करंट प्लसमधून जातो तेवढाच मायनसमधून परत येतो.

कालव्यावरची

नमस्कार दादा. मी मूळची पुण्याची, आता इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर ५७ फुटी नॅरोबोटवर (कालव्यातली लांब अरुंद बोट) राहते. इथे वाऱ्यात लॉकच्या (बोट वरखाली करणाऱ्या पाण्याच्या दारांच्या) तोंडाशी बोट सरळ धरायला थ्रस्टरच कामाला येतो, म्हणून तुमची चिंता कळते. तुम्ही बोट धक्क्याला लावायची थांबवली हे वाचून बरं वाटलं.

वास्कोच्या दादांनी सांगितलंय तेच करा, त्यात मी भर घालणार नाही. पण एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितेय. सोलेनॉइडला व्होल्ट कमी मिळाले की आतली चकती घट्ट बसत नाही, थरथरते, ठिणग्या पडतात. कधी संपर्क जळून तुटतो, कधी उलट, चिकटून बसतो. माझा चिकटला होता. जॉयस्टिक सोडली तरी मोटर थांबेना, आणि मी ५७ फूट मागे, सुकाणूपाशी. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी नाळेत उडी मारून मेन स्विच खेचला. तर तपासणी करताना तुमच्यापैकी एकाचा हात मेन स्विचवर पोहोचायलाच हवा. आणि बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) पेट्रोलचा किंवा गॅसचा वास नाही ना हे आधी नाकाने बघा, या मोटरच्या कार्बनजवळ (फिरत्या भागाला वीज देणारे घासते तुकडे) ठिणग्या पडतातच.

मांडव्याचा खलाशी

ताई, मेन स्विच सलूनच्या पायरीपाशी आहे. पुढची सगळी मोजणी मी तिथे दोरी बांधून केली. पोराच्या एका हातात जॉयस्टिक, दुसऱ्यात दोरी. आमची डिझेलची बोट, तरी वास घेऊन पाहिला.

प्लसचा तोटा ०.५.
मायनसचा तोटा ३.८.

आकडा बघून मी मीटर दोनदा झटकला.

मग मायनसवर तुकड्या-तुकड्याने गेलो. बॅटरीची खुंटी ते लग, जवळजवळ शून्य. तिथून नाळेपर्यंतची केबल, ०.२. पुढे नांगराच्या साखळीच्या कप्प्याच्या मागे एका पितळी बोल्टवर जोड आहे. मूळ केबल तिथे संपते आणि मीटरभर दुसरी केबल मोटरपर्यंत जाते. हा जोड तिथे आहे हेच मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या आधी कुणीतरी केबल वाढवलेली. त्या जोडावर ३.५. मोटरपर्यंतचा उरलेला तुकडा ०.१.

बोटाने चाचपलं तर बोट भाजलं. वास तिथलाच.

मेन स्विच बंद करून, बॅटरीचा मायनस सोडून, जोड खोलला. वरून लग नवाकोरा दिसतो. काळी स्लीव्ह घट्ट बसलेली, बोल्ट चकचकीत. पाना लावला तर नट आवळलेलाच होता. स्लीव्ह चाकूने उभी चिरली आणि आत हिरवी पूड. पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर चढतो तसा कळंक, पण सगळ्या तारांवर, आत दोन बोटं खोलवर. केबल वाकवली तर तारा सुपारीच्या भुग्यासारख्या गळून हातात आल्या. मोजून दहा-बारा तारा धड होत्या. लग छिन्नी-हातोड्याने ठोकून बसवलेला, त्याची खूण स्पष्ट दिसते. साखळी वर येताना समुद्राचं पाणी त्या कप्प्यात सांडतं, ते थेंब-थेंब याच जोडावर.

केबल वेल्डिंगची आहे, नुसत्या तांब्याची.

वास्को वायरमन

दादा, हीच ती जागा. तुमच्या इलेक्ट्रिशियनचा बीप याच दहा-बारा तारांनी वाजवला होता.

वेल्डिंगची केबल मऊ असते, वळते छान, म्हणून लोक वापरतात. पण तिच्या तारा उघड्या तांब्याच्या. खारं पाणी एकदा टोकाशी शिरलं की वातीत तेल चढावं तसं तारांमधून आत चढत जातं. बोटीत कल्हई केलेल्या तांब्याच्या तारांची केबल घ्यायची, मरीन केबल म्हणून मिळते. वाढवलेला तुकडा काढून टाका. बॅटरी ते मोटर एकच सलग केबल ओढा, मधे जोडच नको. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, तुमच्याकडे नसेल तर वर्कशॉपमधून दाबून आणा. वर डिंकाची हीटश्रिंक स्लीव्ह, गरम केल्यावर कडेने डिंक बाहेर आलेला दिसला पाहिजे.

हे झालं की उजवी बाजू दम धरेल. डावीचा 'टक' वेगळा आहे, तो केबलने जाणार नाही असं मला वाटतं. कालव्यावरच्या ताईंनी म्हटलंय तेच झालं असणार. तुम्ही तीन दिवस कमी व्होल्टवर दाबत राहिलात, तेवढ्यात डावीकडच्या सोलेनॉइडचा संपर्क जळाला असेल. तपासायची युक्ती सांगतो. जॉयस्टिककडून थ्रस्टरला बारीक वायरी येतात, त्यातल्या दोन दिशांच्या. तुमच्याकडे कुठल्या रंगाच्या ते मॅन्युअलमध्ये बघा. थ्रस्टरजवळ त्या दोन एकमेकींच्या जागी लावा. आता जॉयस्टिक डावीकडे दाबल्यावर मोटर उजवीकडे व्यवस्थित फिरली, आणि उजवीकडे दाबल्यावर 'टक' आला, तर जॉयस्टिक आणि वायरी निर्दोष, सोलेनॉइड दोषी. वायरी लगेच परत मूळ जागी लावा. उलट्या वायरींनी कुणी धक्क्याला बोट लावायला गेलं तर अनर्थ होईल.

ईटीओ रत्नागिरी

मी मर्चंट शिपवर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर घरी. जहाजाचा बो थ्रस्टर म्हणजे शेकडो किलोवॉटची एसी मोटर, तुमच्याशी तुलना नाही. पण दमटपणा दोन्हीकडे सारखाच वैरी. आमच्या मोटरमध्ये स्पेस हीटर असतो, मोटर बंद असली की तो चालू, आतला ओलावा धरू नये म्हणून. तुमच्या मोटरला तशी सोय नसेल, पण पावसाळ्यात चार महिने ताडपत्रीखाली ती घाम धरते. नाळेचं झाकण किलकिलं ठेवून वारा खेळता ठेवा. आत्ता खोललंच आहे तर कार्बनही बघून घ्या. मेन बंद ठेवून कव्हर काढा, प्रत्येक कार्बन स्प्रिंग उचलून वरखाली सरकतो का बघा. काळी भुकटी ओलाव्याने चिकट होते आणि कार्बन खोबणीत अडकतो. भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. फुंकर मारू नका, आत जाते आणि नाकातही.

मांडव्याचा खलाशी

उशीर झाला उत्तराला, केबल मुंबईहून यायला सहा दिवस लागले.

दोन्ही केबल सलग टाकल्या, प्लसही बदलली. मायनसचं ते बघितल्यावर प्लसवर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. साखळीच्या कप्प्यातून वाट काढलीच नाही, बंकच्या खालून वरच्या अंगाने नेली, दर फुटाला क्लिप. लग भाऊच्या धक्क्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये दाबून आणले. तिथल्या चाचांनी एक जास्तीचा लग दाबून, आडवा कापून दाखवला. तारा आणि लग एकजीव झालेले, मधे सुईएवढीही फट नाही. माझा जुना लग मी खिशात घेऊन गेलो होतो, तो बाजूला ठेवला. चाचा काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

आता उजवीकडे दाबल्यावर बॅटरीवर ११.७, मोटरवर १०.५. प्लसचा तोटा ०.८, मायनसचा ०.४. तोट्याचे आकडे बघून आधी घाबरलो, मग कळलं की मोटर आता पोटभर करंट खेचतेय म्हणून केबलवरही जास्त पडतो. आवाजच बदलला. नाळ सरळ बाजूला सरकली, बोयाची दोरी ताणली गेली.

डावीकडे तसाच 'टक'. वायरी अदलाबदल केल्या. दादांनी लिहिलं होतं अगदी तसंच झालं. डावीकडे दाबलं तर मोटर उजवीकडे. वायरी परत लावून सोलेनॉइडच्या दोन जाड खुंट्यांवर मीटर टेकवला आणि डावीकडे दाबलं, १२.४. म्हणजे आत संपर्क होतच नाही, सगळे व्होल्ट तिथेच उभे. बारीक टर्मिनलवर १२ येतायत, म्हणून 'टक' वाजतो.

दोन्ही बाजूंचे सोलेनॉइड जोडीने बदलले. जुना डावीकडचा घरी नेऊन कापला. आत रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी तांब्याची चकती, तिच्या कडेला काळे खड्डे, एका जागी तांबं वितळून मण्यासारखं गोठलेलं. उजवीकडच्याची चकतीही सुरुवातीच्या खड्ड्यांची होती, आठवडाभरात तीही गेली असती. म्हणजे एका कुजलेल्या लगाने दोन्ही सोलेनॉइड खाल्ले आणि मोटरही खाल्ली असती, माझ्या मालकांच्या पैशाने.

ईटीओ दादा, कार्बन पाहिले. चारपैकी एक अडकलेला होता. भुकटी काढली, आता चारही मोकळे सरकतात. नाळेच्या झाकणाला पावसाळ्यासाठी जाळी बसवणार आहे.

कालव्यावरची

फार छान झालं. मेन स्विचचं काय केलंत? दोरी कायमची नाही ना?

मांडव्याचा खलाशी

नाही ताई. सुकाणूपासून हात पोहोचेल असा दुसरा स्विच बसवायचं मालकांशी बोललो, ते हो म्हणाले. तोपर्यंत धक्क्याला लागताना पोरगा पायरीपाशी उभा राहतो, हात स्विचवर. त्याला सांगून ठेवलंय, तुझी जागा आता ही, नाळेवर नाही.

काल भरतीला पहिल्यांदा धक्क्याला लावली. वारा होता. दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि फेंडर धक्क्याला टेकले.